भिंगरावांची फुंकर

कामावर आले की आधी चष्मा पुसायचे. सदऱ्याच्या आतल्या बाजूने. मग माणसांकडे बघायचे, तेही गरज असली तर.

"कसे आहात?" या प्रश्नाला उत्तर द्यायचे नाहीत.

कॉफीच्या कारखान्यात काम करायचे आणि चहा प्यायचे. थर्मासमधून, घरून आणलेला. कोणाला "घेता का?" म्हणून विचारायचे नाहीत.

उजव्या करंगळीचं नख वाढवलेलं, बाकीची नऊ कापलेली. चिकटलेले दोन कण त्या नखाने वेगळे करायचे.

आपल्या खोलीतला पंखा चालू द्यायचे नाहीत. भर उन्हाळ्यातही. कोणी बटणाकडे हात नेला तर नुसते बघायचे. हात परत जायचा.

कोणी दार आपटलं तर त्याला मागे बोलवायचे, दार पुन्हा उघडायला लावायचे आणि हळू बंद करून घ्यायचे.

फोटो काढण्याआधी काचेवर एक हलकी फुंकर मारायचे. डोळ्यात काही गेलं की मारतात तशी. ही शेवटची सवय त्यांची त्यांना माहीत नव्हती.

भिंगराव हे नाव भट्टीवालीने ठेवलं होतं. ती कॉफीचे दाणे भाजायची. कारखान्यात तिच्या तोंडाला लागेल असा एकच माणूस होता आणि तो म्हणजे भिंगराव. तिने पहिल्यांदा त्या नावाने हाक मारली तेव्हा ते म्हणाले, "माझ्या सासरच्यांनी याहून वाईट नावं ठेवलीत. चालेल."

सासरचे म्हणजे मेहुणा. कारखाना बायकोच्या धाकट्या भावाचा होता.

त्याआधी तीस वर्षं भिंगरावांचा फोटो स्टुडिओ होता. ओळखपत्राचे फोटो, अर्जावर चिकटवायचे फोटो. खुंटीला एक काळा कोट असायचा. ज्याच्याकडे कोट नसेल त्याने तो घालायचा, फोटो झाला की परत टांगायचा. निम्म्या गावाच्या ओळखपत्रांवर तोच कोट होता. पुढे लोक मोबाइलवर फोटो काढायला लागले. स्टुडिओचं शटर एकदा खाली आलं ते वर गेलं नाही.

मेहुणा घरी आला. बहिणीच्या हातचं जेवला. हात पुसता पुसता म्हणाला, "भाऊजी, घरात बसून काय करणार? आमच्याकडे या. जड काम नाही. पाकिटांवर लेबलं चिकटवायची."

भिंगरावांनी ताटातून मान वर केली नाही. दुसऱ्या दिवशी ते लेबलं चिकटवायला गेले. त्या दिवसापासून त्यांनी मेहुण्याला आयुष्यात माफ केलं नाही. मेहुण्यालाही ते कळत होतं. तो चारचौघांत त्यांना मुद्दाम "आमचे भाऊजी" म्हणायचा.

कारखान्यात दळायची दोन मशीनं होती. एक जुनं, एक नवं. दोन्हींवर मिस्त्री काम करायचे. सव्वीस वर्षं. सगळे त्यांना काका म्हणायचे. भिंगराव मिस्त्री म्हणायचे. "माझ्या वयाच्या माणसाला मी काका का म्हणू?"

मशीनमध्ये दोन दातेरी तबकड्या असतात. दाणे त्यांच्यामधून भरडून निघतात. तबकड्या जवळ आणल्या की दळण बारीक, लांब नेल्या की जाडं. मिस्त्री हे कानाने आणि अंगठ्याने ठरवायचे. आवाज ऐकायचे, चिमूट घ्यायचे, अंगठा आणि तर्जनीत चोळायचे. मग तबकड्यांचं चाक अर्धं घर, म्हणजे अर्धी खाच, फिरवायचे. झालं.

हे भिंगरावांना बघवेना.

एकदा एका गिऱ्हाइकाने जुन्या मशीनच्या दळणाचं पाकीट परत पाठवलं. कॉफी एका घोटात कडू, दुसऱ्या घोटात पाणचट. भिंगरावांनी ते पाकीट घरी नेलं. माळ्यावरून निगेटिव्ह बघायची पेटी काढली. खाली दिवा, वर दुधी काच. काचेवर चिमूटभर दळण पसरलं. शेजारी त्या काळ्या कोटाचं एक बटण ठेवलं, मापासाठी. बटण बरोबर वीस मिलिमीटरचं. वरून कॅमेरा लावला. खालून उजेड, त्यामुळे सावली नाही. प्रत्येक कण काळा आणि स्वच्छ.

फोटो त्यांनी कॉम्प्युटरवर घातला. एक प्रोग्रॅम असतो, तो प्रत्येक काळा ठिपका मोजतो आणि बटणाच्या मापावरून त्याचा आकार सांगतो. शेवटी एक आलेख येतो. सगळे कण सारखे असले तर आलेखात एकच उंच, निमुळता डोंगर. कण लहानमोठे असले तर बसका, पसरट ढिगारा.

जुन्या मशीनचा ढिगारा आला.

भिंगरावांनी त्याचा मोठा प्रिंट काढला आणि सकाळी जुन्या मशीनवर चिकटवला. मिस्त्री डबा उघडत होते.

"हे काय?"

"तुमचं दळण."

मिस्त्रींनी बघितलं. "फोटो काढून चव कळत असती तर लग्नाच्या फोटोवरून संसार कळला असता."

भट्टीवाली खदाखदा हसली.

"तुमच्या अंगठ्याला डोळे आहेत का?" भिंगराव म्हणाले.

"तुमच्या डोळ्यांना जीभ आहे का?"

तिथून जे सुरू झालं ते पाच महिने चाललं.

मेहुण्याला मात्र फोटो आवडले. गिऱ्हाइकाला दाखवता येत होते. त्याने भिंगरावांना मागची छोटी खोली दिली. नवं मशीन भिंगरावांच्या मोजणीने लावायचं ठरलं. जुनं मिस्त्रींकडे राहिलं. दर आठवड्याला दोन्हींतून एकेक चिमूट खोलीत यायची. भिंगराव ती पसरायचे, फोटो काढायचे, उरलेलं दळण फिल्मच्या रिकाम्या डबीत भरून ठेवायचे. पेटी आणि बटणासारख्या त्या डब्याही स्टुडिओतल्याच. प्रत्येकीवर तारीख, मशीन, तबकड्यांमधलं अंतर. अक्षर छापल्यासारखं.

नव्या मशीनचा डोंगर दर आठवड्याला उंच आणि निमुळता. जुन्याचा ढिगारा.

मिस्त्री डबा खायला खोलीच्या दारातच बसायचे, मुद्दाम. "काय पंडित, आज किती कण?"

"सहा हजार चारशे."

"माझ्या डब्यात भाताची शितं किती?"

"तुमचं जेवण तुम्ही मोजा. तुमचं दळण मी मोजतो."

मग एका मोठ्या हॉटेलने चाळीस किलो माल परत पाठवला. कॉफी कडूजहर. फिल्टरच्या कागदात पाणी तुंबतंय, खाली उतरतच नाही. पाणी तुंबतं ते पिठासारख्या बारीक भुकटीने. कडूपणाही तिचाच. हे कारखान्यात सगळ्यांना माहीत होतं. प्रश्न एवढाच, की पीठ कुठल्या मशीनचं? या पाकिटांत दोन्हींचा माल मिसळलेला.

मेहुण्याने दोघांना समोर उभं केलं.

मिस्त्री म्हणाले, "नव्या मशीनचं. तबकड्या फार आवळल्यात. हे बघा." नव्या मशीनखालची चिमूट त्यांनी चोळली आणि अंगठा पुढे केला. अंगठ्याच्या रेघा तपकिरी झाल्या होत्या. "पीठ रेघेत बसतं, शेठ. जुन्याचं बसत नाही."

"सव्वीस वर्षं कॉफीत घातलेला अंगठा," भिंगराव म्हणाले. "तो कणकेत घातला तरी तपकिरीच निघेल."

त्यांनी चाळीस फोटो टेबलावर मांडले. वीस जुन्याचे, वीस नव्याचे. नव्याच्या एकाही फोटोत पीठ नव्हतं. एकाही.

मेहुण्याने फोटो बघितले, अंगठा बघितला. मिस्त्रींना महिन्याअखेरीस थांबायला सांगितलं. जुनं मशीन भंगारात गेलं. मिस्त्री निघताना खोलीच्या दारात आले. भिंगराव लेन्स पुसत होते.

"तुमचं पोट भरलं का?" मिस्त्रींनी विचारलं.

"दार हळू लावा," भिंगराव म्हणाले.

मिस्त्रींनी दार असं आपटलं की काचेवरचं बटण खाली पडलं. या वेळी त्यांना कोणी मागे बोलावलं नाही.

मिस्त्री गेले. तक्रारी राहिल्या. उलट वाढल्या. भिंगराव म्हणाले हॉटेलवाल्यांचं पाणी खराब आहे. मग म्हणाले कागद हलका आहे. मग म्हणाले दाणे जास्त भाजले जातात.

"आता माझ्यावर आलं," भट्टीवाली म्हणाली. "काढा माझ्या भट्टीचा फोटो. मीही उभी राहते शेजारी. कोट आहे ना तुमच्याकडे?"

भिंगराव तबकड्या आणखी आवळत गेले. फोटोत जाडे कणच दिसत होते, म्हणून आवळायचे. चार महिने असं चाललं.

मग त्यांची दाढ दुखायला लागली.

दाढ काढावी लागली. अर्धी रजा मागायची म्हणजे मेहुण्याकडे मागायची, म्हणून दवाखान्यातून ते सरळ कामावर आले. अर्धं तोंड बधिर, खालचा ओठ लोंबलेला. काचेवर दळण पसरलं, बटण ठेवलं, खाली वाकले. आणि ओठ मिटेना. हवा गालातच राहिली. लाळेचा थेंब पडणार एवढ्यात ते मागे सरले, रुमाल तोंडाला लावला.

आपण काय करायला वाकलो होतो, हे त्यांना तेव्हा पहिल्यांदा कळलं.

त्यांनी तसाच फोटो काढला. आलेखात नेहमीचा डोंगर आला. त्याच्या डाव्या बाजूला आणखी एक. बारीक कणांचा. पहिल्यापेक्षा उंच.

काच घाण असेल म्हणून पुसली. पुन्हा पसरलं, पुन्हा फोटो. दोन डोंगर. मग त्यांनी लेन्सवरची धूळ उडवायचा रबरी फुगा काढला आणि काचेवर एकदा दाबला. फोटो. एकच डोंगर. उंच, निमुळता, सुंदर. काचेच्या कडेला त्यांनी पांढरा कागद धरून ठेवला होता. त्यावर तपकिरी पीठ होतं.

तीस वर्षं निगेटिव्ह काचेवर ठेवली की धूळ उडवायला फुंकर मारायची. ओठांना वळण लागलेलं. पंखा बंद ठेवणारा हा माणूस स्वतः वारा घालत होता. जे शोधायचं तेच उडवून मग फोटो काढत होता. जुन्या मशीनमधून पीठ येतच नव्हतं, म्हणून त्याचा फोटो फुंकरीने बदलायचा नाही. ओबडधोबड दिसायचा. खरा दिसायचा.

ते उठले. नव्या मशीनच्या तबकड्या तीन घरं सैल केल्या. कोणाला सांगितलं नाही.

आठवड्यात तक्रारी थांबल्या. मेहुण्याने सगळ्यांना बोलावलं. भिंगरावांच्या खांद्यावर हात ठेवला. "आमच्या भाऊजींनी जमवलं! काका गेले आणि दळण सुधारलं."

"काकांना जाऊन चार महिने झाले, शेठ," भट्टीवाली म्हणाली. "दळण सुधारलं गेल्या आठवड्यात."

मेहुणा हसला. भिंगरावांनी खांद्यावरचा हात झटकला आणि खोलीत गेले. ती मागोमाग आली.

"काय केलंत?"

त्यांनी सांगितलं. चार वाक्यांत. तिने काचेवर वाकून बघितलं. मग म्हणाली, "ते फू करता ते? मला वाटायचं मंत्र म्हणता."

"तुम्ही बघत होता?"

"रोज बघत होते."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमच्याशी? तुमच्याशी कोण बोलतं?"

त्या संध्याकाळी ते मिस्त्रींकडे गेले. मिस्त्री मुलीकडे राहत होते. दार अर्धवट उघडलं, साखळी तशीच.

"कण मोजायला आलात?"

"पीठ नव्याचंच होतं," भिंगराव म्हणाले.

"मला सांगताय? माझ्या अंगठ्याने सांगितलं होतं." मिस्त्रींचा आवाज चढला नाही. "ऐका. एका गिरणीत जागा आहे. येत्या पहिल्या तारखेला भरायची. मी गेलो होतो. त्यांनी तुमच्या मेहुण्याला फोन केला. तो म्हणाला, दळण बिघडवतात. आता त्याचा एक फोन जाऊ दे, की तसं नव्हतं. बास. मला तुमचं तोंडसुद्धा बघायचं नाही."

"तो माझ्या बोलण्यावर फोन करणार नाही."

"तुम्ही बोला तर."

"चाळीस फोटोंवर तुम्हाला काढलं. डब्या आहेत माझ्याकडे, चाळीसच्या चाळीस. तेच दळण पुन्हा पसरतो, फुंकर न मारता. चाळीस नवे फोटो त्याच्यापुढे टाकतो. मग कुठे पळेल?"

"आणि तोवर मी काय करू? साखळी धरून उभा राहू?"

"दिवसाला चार होतात. आज अठरा तारीख. उद्यापासून धरा, अठ्ठावीसला पूर्ण."

"एक वाक्य आहे हो!" मिस्त्री म्हणाले. "चुकलो. एवढंच. त्याला दहा दिवस लागतात का?"

दार बंद झालं. हळू.

घरी बायकोने सगळं ऐकून घेतलं. ती भाजी निवडत होती. "उद्या सकाळी माझ्या भावाला सांगून टाका."

"तुझा भाऊ हसेल."

"हसू दे."

"त्याने मला लेबलं चिकटवायला बोलावलं होतं. हे फोटो सोडले तर मी तिथे कोण?"

"दाढेची जखम भरली ना?" ती म्हणाली. "तोंड आता बरं आहे. मग बोला."

"मी चुकलो ते मीच मोजणार," भिंगराव म्हणाले. "दुसऱ्या कोणी मोजायचं नाही."

तिने भाजी उचलली आणि ती आत गेली.

एकोणीस तारखेला त्यांनी पहिली डबी उघडली. जुन्या दळणाला गुठळ्या झालेल्या. करंगळीच्या नखाने, मग मऊ ब्रशने एकेक कण सुटा करायचा. श्वास रोखून. तोंडाला रुमाल बांधलेला. एका डबीला दीड तास. दिवसाला चारच. पाचवी घेतली तर बोटं दमायची आणि कण सरकायचे. तसा फोटो त्यांना चालत नव्हता.

मेहुण्याने दारातून बघितलं. "भाऊजी, हे काय आता? झालं ते झालं. जुनं मशीन भंगारात गेलं. उगाच उकरून काढू नका."

"अठ्ठावीसला सांगतो."

"काय सांगणार?"

"अठ्ठावीसला."

"आत्ता सांगा की."

भिंगरावांनी रुमालाआडून त्याच्याकडे बघितलं. तोंडातून निघेल असं वाटलं. मेहुणा हसला. नेहमीचंच हसू होतं, आमचे भाऊजी म्हणताना असायचं ते. भिंगराव पुन्हा काचेवर वाकले.

भट्टीवालीने तीनदा विचारलं, "मी सांगू का शेठना?" तीनदा ते म्हणाले, "तुम्ही दाणे भाजा." तिसऱ्यांदा ती म्हणाली, "मरा मग." ते शब्द तिने नंतर कितीतरी वेळा परत घेतले. परत घेऊन ते जाणार कुठे?

पाच दिवसांत वीस झाले. चोवीस तारखेला दुपारपर्यंत आणखी दोन. तेविसावी डबी त्यांनी काचेवर रिकामी केली, पसरली, बटण ठेवलं. चहाच्या वेळी भट्टीवाली काहीतरी टोमणा तयार करून दारात आली. भिंगराव खुर्चीत होते. रुमाल तोंडावर. हात मांडीवर. श्वास रोखलाय असं तिला वाटलं. तिने थोडा वेळ वाट बघितली. मग आणखी थोडा वेळ.

तिच्या ओरडण्याने माणसं धावली. रुमाल सोडला, सदऱ्याची बटणं सोडली. "हवा येऊ द्या, हवा!" मेहुणा ओरडला, आणि कोणीतरी पंख्याचं बटण दाबलं. त्या खोलीत तो पंखा पहिल्यांदा फिरला. काचेवरचं दळण उडालं. आधी पीठ, मग बाकीचं. बटण तेवढं जागेवर राहिलं.

डॉक्टर म्हणाले, हृदय. अर्धा तास आधीच.

एकतीस तारखेला भट्टीवाली मेहुण्यासमोर उभी राहिली आणि तिने सगळं सांगितलं. फुंकर, दाढ, डब्या, एक फोन. मेहुणा ऐकत होता. त्याचे डोळे सुजलेले होते. तो रडला होता, हे खोटं नाही.

"हे भाऊजींनी मला का नाही सांगितलं?"

"सांगणार होते."

"मग माझ्यासमोर बसून का नाही सांगितलं? नाही, बाई. आता ते नाहीत. त्यांच्या मागे मी त्यांना खोटं पाडणार नाही."

फोन झाला नाही. पहिल्या तारखेला त्या गिरणीत दुसरा माणूस लागला.

मिस्त्री एकदाच आले, नंतर. खोली उघडून घेतली. कॉम्प्युटरवरचे बावीस फोटो बघितले. प्रत्येकाच्या आलेखाखाली भिंगरावांनी एक ओळ लिहिली होती: जुनं मशीन, पीठ नाही. नाहीतर: नवं मशीन, पीठ आहे. बावीस फोटोंखाली तेच. मिस्त्रींनी सगळ्या ओळी वाचल्या.

"बावीस वेळा लिहिलं," ते म्हणाले. "एकदा बोलला नाही. हलकट."

ते गेल्यावर खोलीला पुन्हा कुलूप लागलं. फळीवर त्या चाळीसांतल्या सतरा डब्या आहेत, बंद. टेबलावर तेविसावी, झाकण उघडं, आत काही नाही. पेटीचा दिवा बंद करायचं कोणाच्या लक्षात आलं नाही. काचेवर कोटाचं बटण आहे. शेजारी वही. पान भरलेलं, ओळी आखलेल्या. तेविसावा क्रमांक, तारीख, नवं मशीन, तबकड्यांमधलं अंतर, सगळं त्या छापल्यासारख्या अक्षरात. कणांची संख्या लिहायचा रकाना कोरा आहे.